कमी वस्तू, जुना लॅपटॉप आणि पंचगंगेची पातळी : मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. ऑफिसात, भिशीत, लेकीच्या शाळेच्या गेटवर, के.एम.टी.च्या बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईकडून सुद्धा. मी प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगते कारण कमी वस्तूंत राहणं आणि जुनी यंत्रं चालू ठेवणं ह्या विषयावर बोलायला मला मनापासून आवडतं, पण सांगता सांगता स्टॉप येतो आणि निम्मं राहतं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय. मी इंजिनिअर नाही. गोकुळ शिरगावला एका फौंड्रीत अकाउंट्स बघते, दिवसभर टॅली आणि जीएसटी, आणि संध्याकाळी घरी जुनी यंत्रं उघडायची, साफ करायची, परत चालू करायची, हा माझा छंद.

तुमच्या घरात एकूण वस्तू किती? मोजल्यात का?

सगळ्या नाही मोजल्या. विजेवर चालणाऱ्या मोजल्यात, त्या सोप्या असतात. एक लॅपटॉप, माझा बटणांचा फोन, मिस्टरांचा फोन, घरात कपाटावर राहणारा एक स्मार्टफोन, राउटर, त्याच्या शेजारी एक रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर), ई-रीडर, सासऱ्यांचा जुना रेडिओ, फ्रीज, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन, तीन पंखे आणि दिवे. टीव्ही नाही. चार्जर आणि वायरी भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या आहेत, प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलीय की ही कशाची.

पण आकड्यावर माझा फारसा जीव नाही. कोणी शंभर वस्तूंत राहतंय, कोणी पन्नासात, त्यांना ते जमत असेल. माझा नियम वेगळा आहे. घरात जी वस्तू आहे ती मला उघडता आली पाहिजे, निदान ती आत कशी चालते हे तरी मला माहीत पाहिजे. जिची ओळख करून घ्यायला मला वेळ नाही ती मी घेत नाही. एवढ्या एका नियमानं वस्तू आपोआप कमी झाल्या, कारण ओळख करून घ्यायला वेळ लागतो आणि वेळ माझ्याकडं मोजकाच आहे.

हे सुरू कधी झालं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये. आमचं घर कोल्हापूरला शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला, तळमजल्यावर. इकडं राहणाऱ्याला पावसाळ्यात एक सवय असते, उठल्या उठल्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी बघायची. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. राधानगरी धरणाचे सातापैकी किती दरवाजे उघडले हे इथल्या लहान पोरांना पण पाठ असतं. त्या वर्षी पातळी ५५ फुटांच्या वर गेली.

पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा रात्र होती. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून दिलं आणि म्हणाल्या, "आणा वर सगळं, जागा करू." आम्ही दोघं आणि लेक, तीन तास सामान वर न्यायलो. मी काय काय नेलं ते मला अजून यादीसारखं आठवतं. बंद पडलेला यूपीएस. दोन जुने सीपीयू, त्यातला एक तर सुरूच होत नव्हता. वायरींचा एक खोका. मोडेमचे रिकामे बॉक्स, का तर वॉरंटीला लागतील. एक प्रिंटर, ज्याची शाई वाळून वर्ष झालं होतं. हे सगळं पुढच्या खोलीत, हाताशी होतं म्हणून आधी वर गेलं. आणि लग्नाचा अल्बम कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात राहिला, आणि माझ्या वडलांच्या दोन वह्या. वडील उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर होते, तीस वर्षांची मापं, स्क्रूच्या आट्यांचे पिच, कुठल्या कामाला कसलं टूल घासायचं असं सगळं त्या वह्यांत बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं. पाणी उतरल्यावर त्या मी चिखलातून काढल्या. पेन्सिल होती म्हणून काही पानं वाचली, शाईची असती तर एकही राहिलं नसतं.

तेव्हा हायवे बंद, लाईट नाही, प्यायचं पाणी टँकरचं, आणि फोनची चार्जिंग संपल्यावर नदी कुठवर आहे ते कळायला काकूंचा सेलवरचा रेडिओ. नंतर गल्लीत प्रत्येक घरासमोर ढीग लागले. गाद्या, फ्रीज, टीव्ही, सोफे, सगळं चिखलानं एका रंगाचं झालेलं. आमच्या ढिगाकडं बघत उभी होते आणि त्या तीन तासांत मी काय उचललं हेच डोक्यात फिरत होतं. यूपीएस मी त्याच ढिगावर टाकला.

२०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. त्या वेळी आम्ही वीस मिनिटांत बाहेर होतो. एक सॅक, एक पत्र्याची पेटी, धान्याचे डबे उंचावर, फ्रीज माळ्याला टेकवून टेबलावर. बस.

म्हणजे सगळं टाकून दिलं? मिनिमलिझम म्हणजे ते पांढऱ्या भिंती, एक खुर्ची, एक झाड असलं काहीतरी ना?

नाही. आमच्या घरात लोणच्याच्या बरण्या आहेत, वर्षाची चटणी डंकावरून कुटून आणून भरलेली असते, पाहुणे आले तर सहा गाद्या निघतात. घर भरलेलं आहे. पांढऱ्या भिंतींसाठी जुनं टाकून परत नवीन डबे, नवीन रॅक, नवीन ऑर्गनायझर आणणारे लोक मी बघितलेत, आणि मला त्यात अर्थ वाटत नाही कारण सामान गेलं कुठं, नुसतं बदललं.

मला ह्यात जे आवडतं ते कोल्हापूरला नवीन नाहीच. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी इथं सिनेमाचा स्वदेशी कॅमेरा बनवला, बाहेरून मागवला नाही, आत काय आहे ते समजून घेऊन तयार केला. उद्यमनगरात आजही एखादा भाग मिळत नसेल तर तो करून देणारा माणूस सापडतो. माझे वडील एक गोष्ट सारखी म्हणायचे, "मशीन विकत घेतलंस म्हणजे तुझं झालं न्हाई, एकदा खोलून लावलंस की झालं." मी हे घरातल्या मिक्सरपासून लॅपटॉपपर्यंत लावते, एवढंच.

लॅपटॉप कुठला आहे? इतका जुना चालतो कसा?

थिंकपॅड एक्स२२०, २०११ सालचं मॉडेल, साडेबारा इंची स्क्रीन. राजारामपुरीत सेकंडहँडमध्ये घेतला. तेव्हा त्यात ४ जीबी रॅम आणि कुरकुर करणारी हार्डडिस्क होती. मी रॅम ८ जीबी केली आणि हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपची डिस्क, घातली. जुना लॅपटॉप स्लो झाला म्हणून टाकायला निघालेल्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते की आधी एसएसडी घालून बघा, कारण बहुतेक वेळा प्रोसेसर थकलेला नसतो, फिरणाऱ्या डिस्कची वाट बघत बसलेला असतो. ह्या मॉडेलमध्ये डिस्क ७ मिलिमीटर जाडीचीच बसते, ९.५ ची आणली तर परत दुकानात जावं लागतं, हे घेताना बघा.

हे मॉडेल मला का आवडतं तर ते उघडायला केलेलं आहे. मागचा खटका सरकवला की बॅटरी हातात येते. डिस्कच्या झाकणाला एक स्क्रू. रॅमच्या झाकणाला दोन. आतापर्यंत मी त्याची बॅटरी एकदा बदललीय, पंखा काढून साफ केलाय, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर न्यायला लावतात ती) पुसून नवीन लावलीय. पेस्ट बदलल्यावर पंख्याचा आवाज इतका कमी झाला की सासूबाई म्हणाल्या, "बंद पडला काय गं?"

काय जमत नाही ते पण सांगते. जड गेम नाही, मोठं व्हिडिओ एडिटिंग नाही. यूट्यूब बघताना पहिल्यांदा अडखळायचं, मग कळलं की ह्याच्या ग्राफिक्स चिपमध्ये एच.२६४ व्हिडिओ उलगडायची सोय हार्डवेअरमध्ये आहे पण व्हीपी९ ची नाही (ह्या दोन्ही व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती), आणि यूट्यूब आपल्याला व्हीपी९ पाठवतं. ब्राउझरला एक एक्स्टेन्शन लावलं जे एच.२६४ च मागतं, आणि अडखळणं गेलं. असलं काही सापडलं की मला आठवडाभर बरं वाटतं.

घरी विंडोजच्या जागी लिनक्स वापरता, ते अवघड असतं ना? आणि ऑफिसचं काम?

ऑफिसचं काम ऑफिसच्या मशीनवर, तिथं विंडोज आहे, टॅली आहे, डिजिटल सिग्नेचरचं टोकन आहे, त्याला मी हात लावत नाही. घरी लिनक्सचा डेबियन हा प्रकार, त्यावर एक्सएफसीई नावाचं हलकं डेस्कटॉप. पत्रं, हिशेब, लेकीचे प्रोजेक्ट सगळं लिबरऑफिसमध्ये होतं.

अवघड म्हणाल तर पहिला महिना नवीन स्वयंपाकघरात गेल्यासारखं होतं, मीठ कुठं आहे तेच सापडत नाही. नंतर हात बसतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून माझ्याकडं चांगली धडधाकट मशीनं घेऊन लोक येतात की आता हे टाकावं लागणार का. टाकू नका. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या, त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा, डिस्कवर काहीही बसवायची गरज नाही. वायफाय, आवाज, ब्राइटनेस, प्रिंटर चालतंय का बघा, दोन दिवस वापरा. पटलं तर बसवा. बसवायच्या आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडं कॉपी करा, हे मी तीनदा सांगते आणि तरी एखादं कोणतरी रडत येतंच.

मराठी टायपिंग कसं करता?

इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला कीबोर्ड. स्वर सगळे डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी करायची सवय असेल तर सुरुवातीला बोटं ऐकत नाहीत, मला तीन आठवडे लागले, रोज जेवण झाल्यावर अर्धा तास. पण आता मी मराठी मराठीतच टाइप करते, मनात आधी रोमन स्पेलिंग करावं लागत नाही, आणि तो फरक मला फार मोठा वाटतो. "तऱ्हा", "दुसऱ्या" मधला ऱ कसा काढायचा हे सगळे विचारतात, इनस्क्रिप्टमध्ये र च्या बटणावर शिफ्ट धरा, आला.

ह्याच्याशी जोडलेली एक गोष्ट, जी मला अजून लागते. वडील गेल्यावर आईनं त्यांच्याबद्दल चार पानं लिहिली होती आणि गल्लीतल्या डीटीपीवाल्यानं ती टाइप करून फाइल दिली होती. २०२० मध्ये मी ती फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. कारण तेव्हाचे बरेच मराठी फॉण्ट युनिकोड नव्हते, युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड असतो. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच कोड साठवलेले असायचे आणि फॉण्ट त्यावर मराठी अक्षराचं चित्र काढायचा. फॉण्ट नाही तर मराठी नाही. कुठला फॉण्ट होता ते शोधून, कन्व्हर्टर लावून, मग एकेक ओळ हातानं दुरुस्त करत मला दोन रविवार लागले. पण आईची चार पानं परत मिळाली. तुमच्याकडं २००५-१० च्या आसपासच्या मराठी फाइली असतील तर त्या आजच उघडून बघा.

तेव्हापासून मी टिकायला पाहिजे ते सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिते, युनिकोडमध्ये. यूटीएफ-८ ह्या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे इंग्रजीच्या तिप्पट, तरी माझी रोज दोनशे शब्दांची डायरी वर्षाला सव्वा एमबीच्या आसपास भरते. सकाळी ग्रुपवर येणारा सुविचाराचा एक व्हिडिओ त्यापेक्षा मोठा असतो.

स्मार्टफोन खरंच नाही? यूपीआय, ओटीपी, शाळेचा ग्रुप, कसं चालतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट सांगते. माझ्या पर्समध्ये बटणांचा फोर-जी फोन असतो. फोर-जी मुद्दाम, कारण काही कंपन्यांचं टू-जी नेटवर्कच नाही, जुना टू-जी फोन घेऊन त्यांचं सिम घातलं तर चालत नाही. ओटीपी एसएमएसनं येतो, त्याला स्मार्टफोन लागत नाही. बँकेचे, आधारचे, गॅसचे, सगळे ह्याच फोनवर येतात.

घरातला स्मार्टफोन कपाटावर चार्जिंगच्या जागी असतो, पूर्वी घरात एक लँडलाईन असायचा तसा. शाळेचा ग्रुप त्यावर, लाईटबिल त्यावर, एसटीचं बुकिंग त्यावर. संध्याकाळी सात ते साडेसात मी उभ्यानं सगळं बघते. उभ्यानं बघितलं की लवकर संपतं. शाळेचा काही तातडीचा निरोप असेल तर दुसऱ्या आया फोन करतात, त्यांना सांगून ठेवलंय, आणि आजवर एकदाही अडलं नाही.

पैशाचं म्हणाल तर कपिलतीर्थ मंडईत मी रोख देते. सुट्ट्यांची कटकट होते, मान्य. बटणांच्या फोनवरनं यूपीआय होतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या मार्चमध्ये यूपीआय १२३पे सुरू केलं ते ह्याचसाठी, इंटरनेट लागत नाही, एका नंबरवर फोन लावून सूचना ऐकत बटणं दाबायची. शिवाय *९९# डायल करून पैसे पाठवायची सोय आहेच. मला त्याला वेळ जास्त लागतो, स्कॅन करून दोन सेकंदात होतं तिथं दोन मिनिटं. पण त्या दोन मिनिटांत मी किती देतेय ते मला कळतं, आणि अकाउंट्सवाल्या बाईला ते बरं वाटतं.

सगळ्यांनी असंच करावं असं मी मुळीच म्हणत नाही. ज्याचं पोट फोनवर आहे, रिक्षा चालवणारा, डिलिव्हरी करणारा, त्याला हे परवडणार नाही. माझं काम टेबलावरचं आहे म्हणून मला जमतं.

राउटरशेजारचं ते लाल-हिरवा दिवा लागणारं काय आहे?

रास्पबेरी पाय ३. पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, साधा मोबाइल चार्जरसारखा ५ व्होल्टवर चालतो, लाईटबिलात त्याचा फरक जाणवत सुद्धा नाही. त्यावर पाय-होल नावाचं जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर चालतं. घरातलं कुठलंही यंत्र एखाद्या वेबसाइटचा पत्ता विचारतं तेव्हा तो प्रश्न आधी ह्याच्याकडं येतो, आणि पत्ता जाहिरातवाल्याचा असेल तर हा उत्तरच देत नाही. त्यामुळं घरातल्या सगळ्याच फोनवर जाहिराती कमी होतात, प्रत्येकात वेगळं काही घालावं लागत नाही. यूट्यूबच्या जाहिराती ह्यानं जात नाहीत, त्या व्हिडिओच्याच पत्त्यावरून येतात, त्यामुळं ती अपेक्षा ठेवू नका.

लाईट गेली की मात्र ह्याचं एसडी कार्ड खराब व्हायचं. लिहिता लिहिता वीज गेली की कार्डावरची माहिती बिघडते. दोन कार्डं गेल्यावर राउटरसाठी मिळतो तसला छोटा यूपीएस घेतला आणि दोन्ही त्यावर टाकले, तेव्हापासून शांतता. कार्डाची एक कॉपी पण काढून ठेवलीय.

फोटोंचं काय करता? बॅकअप कुठं ठेवता?

हे माझं सगळ्यात जिव्हाळ्याचं. अल्बम भिजला त्या घरातली मी.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी फोनमधले फोटो लॅपटॉपवर घेते आणि बसून निवडते. एकाच क्षणाचे अकरा फोटो असतात, त्यातला एक ठेवायचा. सुरुवातीला हात थरथरतो, नंतर डोळा तयार होतो. व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड बंद केलंय, निम्मा कचरा तिथंच थांबला. फोल्डरचं नाव वर्ष-महिना-प्रसंग, म्हणजे २०२४-०९-गणपती, असं दिलं की आपोआप क्रमानं लागतात, कुठलं ॲप लागत नाही. आणि दर दिवाळीला वर्षभरातले चोवीस फोटो स्टुडिओतून प्रिंट करून आणते. पाहुणे ते हातात घेऊन बघतात, फोनमधले कोणी बघत नाही.

बॅकअपचा नियम तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, एक घराबाहेर. माझी पहिली प्रत लॅपटॉपवर. दुसरी एका एक्सटर्नल हार्डडिस्कवर, जी त्या पत्र्याच्या पेटीत असते. तिसरी बहिणीकडं आर. के. नगरला, तिकडं पंचगंगेचं पाणी चढत नाही. मी दर दोन महिन्यांनी रविवारी तिच्याकडं जाते तेव्हा डिस्कची अदलाबदल होते, ताकाची भांडी देतो-घेतो तशी. क्लाउड वापरायला माझी हरकत नाही, पण पुराच्या दिवसांत नेट गेलेलं मी बघितलंय. एसएसडी बॅकअपला वापरत असाल तर ती वर्षानुवर्षं कपाटात बिनवापराची ठेवू नका, वीज न मिळाल्यास तिच्यातली माहिती हळूहळू जाऊ शकते.

आणि बॅकअप अधूनमधून उघडून बघायचा. मी जून लागायच्या आधी दोन्ही डिस्क लावून पाच-दहा फाइली उघडते. वडलांच्या वह्यांची वाचलेली पानं आता स्कॅन करून तिन्ही ठिकाणी आहेत.

पावसाळ्यात वस्तू खराब होत नाहीत?

होतात. जून ते सप्टेंबर आमच्याकडं टॉवेल सुद्धा वाळत नाही. जे वापरात नसतं ते हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवते, आणि जे वापरात आहे ते रोज थोडा वेळ चालू करते, आतल्या गरमीनं दमटपणा जातो. भिजलेला फोन तांदळात खुपसू नका, तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, पीठ मात्र आत जातं. आधी बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा, चार्जिंगला अजिबात लावू नका, पंख्याखाली ठेवा आणि उघडता येणाऱ्याकडं न्या.

काही बिघडलं तर खरंच स्वतः दुरुस्त करता?

सोपं तेवढं. पंखा हळू फिरायला लागला तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, साधारण अडीच मायक्रोफॅरडचा, अगदी स्वस्त मिळतो, मेन स्विच बंद करून बदलायचा. मिक्सर ठिणग्या मारत असेल तर आतले कार्बन ब्रश झिजलेत का बघायचं. आमचा मिक्सर लग्नातला आहे, दोनदा ब्रश बदललेत. रिमोट, रेडिओ, चार्जरची पिन, ह्यात बऱ्याचदा एखादा जोड सुटलेला असतो, सोल्डरचा एक ठिपका दिला की झालं.

मायक्रोवेव्ह आणि जुना डबा टीव्ही मात्र मी उघडत नाही आणि तुम्हीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीव जाईल एवढा चार्ज राहू शकतो. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही.

आणि बिघडलेलं, दुरुस्त न होणारं? भंगारात?

बॅटरी, सर्किट, वायरी साध्या भंगारात घालू नका. तांबं काढायला वायरी जाळतात आणि तो धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवीन नियम लागू आहेत, त्यात जुना माल गोळा करून रीसायकल करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय, अधिकृत रीसायकलर असतात. माझ्याकडं एक डबा आहे, तो भरला की तिकडं जातो. वर्षाला एकच भरतो आता.

घरचे वैतागत नाहीत?

सुरुवातीला वैतागले. टीव्ही पुरात गेला तो परत आणला नाही, त्यावरून सासूबाई महिनाभर बोलत होत्या. "सगळ्यांच्यात हाय, आपल्यातच न्हाई." त्यांचं चुकत नव्हतं, दुपारभर घरात एकट्या असायच्या. मग मी सासऱ्यांचा रेडिओ माळ्यावरून काढला, पट्टी गंजलेली, एक जोड सुटलेला, व्हॉल्यूमच्या बटणात धूळ. दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्यांदा त्यातून आकाशवाणी कोल्हापूर लागलं तेव्हा त्या स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या, म्हणाल्या, "ह्यो त्यांचा आवाज हाय," म्हणजे सासरे लावायचे तो. आता त्यांच्या उशाशी असतो. तरी क्रिकेटच्या मॅचला त्या काकूंच्याकडं वर जातात, आणि तसंच चालू दे, मला त्यांचा टीव्ही सोडवायचा नव्हता.

मिस्टर मला साथ देतात पण त्यांचा स्मार्टफोन त्यांचा आहे, त्यात मी बोलत नाही. लेक आठवीत आहे. ती शाळेतून येते, "आई, मी आलो" म्हणते (आमच्याकडं मुली पण आलो-गेलोच म्हणतात), दप्तर टाकते आणि कपाटावरचा फोन मागते. तासभर देते. मैत्रिणींच्यात तिला वेगळं पाडायचं नाही. पण मागच्या उन्हाळ्यात तिनं त्या रास्पबेरी पायला एक एलईडी जोडून पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चार ओळी लिहून लुकलुकवला, आणि त्या संध्याकाळी फोन मागायचं विसरली.

पुस्तकं पण कमी केलीत?

घरात चाळीसेक आहेत, परत परत वाचायची. बाकी करवीर नगर वाचन मंदिर आहे की, १८५० सालापासून. बसमध्ये ई-रीडर वाचते, पान उलटतानाच तेवढी वीज लागते म्हणून चार्जिंग आठवडे टिकतं.

सुरुवात कुठून करू?

वायरींच्या ड्रॉवरपासून. प्रत्येक वायर काढा, कशाची ते चिठ्ठीवर लिहा, ज्यांची कळत नाही त्या एका पिशवीत घालून वर तारीख टाका. सहा महिन्यांत पिशवी उघडावी लागली नाही तर ई-कचऱ्यात. मग एक बारीक फिलिप्स टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, एक चिमटा आणि स्क्रू ठेवायला गोळ्यांची रिकामी डबी घ्या आणि घरातली एखादी बंद पडलेली वस्तू उघडा, जी बिघडली तरी कोणाला दुःख नाही. उघडताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. परत लावताना तो फोटोच वाट दाखवतो.

तुमच्याकडं येऊन बघता येईल का?

या की. रविवारी चारनंतर मी घरीच असते, टेबल मोकळं असतं, चहा होतो. बंद पडलेली वस्तू असेल तर घेऊन या, आणि तिचे निघालेले स्क्रू असतील तर ते पण आणा, लोक नेमके तेच घरी विसरतात. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर निघायच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ च्या वर गेली असेल तर त्या दिवशी नका येऊ, आम्ही पेटी काढत असतो.